चार ओळींची जागा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना साताऱ्यात सगळे मास्तर म्हणत. शाळेत ते कधी शिकवायला नव्हते. हँडबिल छापून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचंसुद्धा शुद्धलेखन ते सुधारून देत, म्हणून मास्तर. छापखाना म्हणजे एक ट्रेडल, भिंतीला टेकलेल्या खिळ्यांच्या केसा, फर्मा बांधायचा दगड आणि दोरीवर वाळत घातलेले कागद. दिवसभर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, तेराव्याची कार्डं. रात्री आठनंतर आमचं काम.

१९७९ साली आम्ही तिघे मित्र एक अनियतकालिक काढत होतो. त्याचे चार अंक सायक्लोस्टाइलवर काढून झाले होते आणि पाचवा खिळ्यांनी छापायचा ठरला होता. दुसऱ्या पानावर माझं संपादकीय होतं. त्याच्या शेवटच्या चार ओळी तिसऱ्या पानाच्या माथ्यावर उतरल्या होत्या आणि त्यांच्याखाली एक कविता सुरू होत होती. कवितेची अखेरची ओळ, तीन शब्दांची, चौथ्या पानावर एकटीच जाऊन पडली होती. मी म्हटलं, "मास्तर, कडव्यांमधली जागा काढून टाका, म्हणजे बसेल." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कवीला विचारलंस का?" कवी त्या वेळी नोकरीसाठी ठाण्याला होता. मी गप्प राहिलो. "मग तुझ्या लेखातलं काढतो. तू इथं उभा आहेस, तुला विचारता येतं."

माझं संपादकीय पायका टायपात जुळवलेलं होतं आणि दर दोन ओळींमध्ये दोन पॉइंटांची लेड, म्हणजे शिशाची पातळ पट्टी, घातलेली होती. मास्तरांनी चिमट्यानं एकेक पट्टी उचलायला सुरुवात केली. पानभरात २७ पट्ट्या निघाल्या, म्हणजे ५४ पॉइंट. पायकाच्या चार ओळींना ४८ लागतात. माझ्या उतरलेल्या चारही ओळी दुसऱ्या पानावर परत चढल्या, तिसरं पान कवितेला पूर्ण मिळालं, अखेरची ओळ आपल्या कडव्याला जाऊन मिळाली आणि खाली बोटभर कोरा कागद उरला. संपादकीय दाटीवाटीनं छापलं गेलं. ते आज वाचवत नाही, कविता मात्र अजून वाचतो.

त्या रात्री मास्तरांनी केलेल्या कामाला काय म्हणायचं, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे. छपाई म्हणावं तर ती अजून व्हायची होती. सजावट म्हणावं तर एकही वेलबुट्टी नव्हती. माझ्या मते ते संपादन होतं. कुणाला किती जागा, कुणी आक्रसायचं, कुठे श्वास घ्यायचा, वाचकानं पान कोणत्या शब्दावर उलटायचं, हे ठरवणं म्हणजे संपादन. मजकूर निवडायचा एकानं आणि मग तो 'लावायला' दुसऱ्याकडे द्यायचा, ही मोठ्या कारखान्याची रीत झाली. छोट्या, स्वतंत्र नियतकालिकात ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या हातून, निदान एका टेबलावर होतात. त्या टेबलाबद्दल मला आज बोलायचं आहे.

आपल्याकडे हे टेबल जुनं आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली आणि सात वर्षांत ८४ अंक काढले. जवळपास सगळा मजकूर एकट्याचा. तेव्हा अशा नियतकालिकाला 'मासिक पुस्तक' म्हणत, आणि मला तो शब्द फार आवडतो. मासिक असूनही त्यानं पुस्तकाइतकं टिकावं, जपून ठेवावं, ही अपेक्षा त्या दोन शब्दांतच आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' १९२७ च्या जुलैत निघालं आणि १९५३ मध्ये ते गेले तोवर चाललं. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण हे विषय, पदरमोड करून काढलेलं मासिक, अंगावर खटले. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी कोर्टात मांडली. मुखपृष्ठावर ते नग्न स्त्रीचित्र छापत. आतल्या लेखांत जे म्हणायचं तेच मुखपृष्ठावर म्हणायचं, झाकून आणायचं नाही, असा त्यांचा करारीपणा त्यात मला दिसतो. शरीराची लाज बाळगू नका असं आत सांगायचं आणि वर मात्र गुलाबाचं फूल छापायचं, हे त्यांच्याकडून झालं नसतं.

आता 'सत्यकथा' मासिक. आमच्या वाचनालयात तो अंक पोस्टानं यायचा. ग्रंथपाल त्यावर शिक्का मारत आणि मग तो लाकडी दांडीत अडकवत. मी मॅट्रिकला होतो. कथा पुष्कळदा समजत नसत, पण पान आवडायचं. कवितेभोवती मोकळी जागा, मथळा न ओरडणारा, छपाईची चूक शोधून सापडायची नाही. पुढे कळलं की या शांततेमागे किती उस्तवार होती. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे दोघे संपादक लेखकांना लांब लांब पत्रं लिहीत. कथा परत पाठवताना का परत पाठवली ते सांगत. पुन्हा लिहून आणली तर पुन्हा वाचत. गिरगावात खटाववाडीत 'सत्यकथा' काढणाऱ्या मौजेचा स्वतःचा छापखाना. लेखकाचं हस्तलिखित, संपादकाची पेन्सिल आणि जुळाऱ्याची स्टिक एका छपराखाली होती, म्हणून ते पान तसं दिसायचं. १९८२ साली 'सत्यकथा' बंद झाली. माझ्या पिढीतल्या पुष्कळांना तो महिना आठवतो, घरात कुणी गेल्यासारखा.

आणि तरीही १९६९ मध्ये तरुण लेखकांनी याच 'सत्यकथे'ची होळी केली. राजा ढाले यांचा 'सत्यकथेची सत्यकथा' हा लेख त्याच सुमाराचा. होळी करणारे कोण होते? जे लिहीत होते त्याला त्या सुंदर पानावर जागा नाही, असं ज्यांना कळून चुकलं होतं ते. पांढरपेशा घरांबाहेरची भाषा, गिरणगाव, झोपडपट्टी, शिवी, उपासमार. अंक जाळणं मला आजही पटत नाही, छापलेला कागद जाळताना पाहणं माझ्यानं होत नाही. पण तक्रार खरी होती. पान कितीही नेटकं असो, त्यावर कोण येऊ शकतं हा प्रश्न आधीचा आहे. ज्यांना दार बंद होतं त्यांनी स्वतःचं पान तयार केलं.

त्यांच्याही आधी सुरुवात झाली होती. १९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या मंडळींनी 'शब्द' काढलं, सायक्लोस्टाइलवर. चित्रे तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचे. या मुलानं नियतकालिक काढायचं धाडस कुठून आणलं याचं उत्तर बडोद्यात आहे. त्यांचे आईवडील, विमल चित्रे आणि पु. आ. चित्रे, बडोद्याहून 'अभिरुची' मासिक काढत. मर्ढेकरांच्या कविता त्यात आल्या. ज्या घरात प्रुफं जेवणाच्या ताटाशेजारी पडलेली असतात त्या घरातल्या पोराला अंक काढणं म्हणजे काही डोंगर उचलणं वाटत नाही. पुढे याच बडोद्यात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर या दोन चित्रकारांनी १९६९ ते १९७३ या काळात 'वृश्चिक' काढलं, इंग्रजीतून. त्यात चित्रकारांची लिनोकट असत, म्हणजे ठशावरून थेट उतरलेलं चित्र वाचकाच्या हाती पडे. संग्रहालयातल्या भिंतीपेक्षा हा रस्ता किती जवळचा!

सायक्लोस्टाइल आता कुणी पाहिलेलं नसेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मेणाचा थर दिलेला पातळ कागद असतो, स्टेन्सिल. त्यावर टोकदार लोखंडी लेखणीनं लिहायचं. जिथं रेघ पडेल तिथला मेणाचा थर जातो, तिथून शाई झिरपते. स्टेन्सिल रोलरला लावायचं आणि हँडल फिरवायचं. मराठी लिहिताना पहिली अडचण शिरोरेषेची. पाटीवर लिहितो तशी एका दमात लांब रेघ ओढली की कागद त्या रेघेवरच फाटतो, आणि पंचविसाव्या प्रतीपर्यंत अख्खी ओळ लोंबू लागते. म्हणून आम्ही शिरोरेषा तुटक द्यायला शिकलो, दर शब्दाला वेगळी, कधी दर अक्षराला. दुसरी अडचण 'व', 'ब', 'क' यांच्या पोटाची. गोल नीट मिटवला तर आतला मेणकागदाचा ठिपका गळून पडतो आणि अक्षराच्या जागी शाईचा डाग उमटतो. म्हणून गोल किंचित उघडा ठेवायचा. चुकलं तर लाल द्रव लावून, फुंकर मारून वाळवून पुन्हा लिहायचं.

आमच्या पहिल्या चार अंकांचं अक्षर यातून घडलं. तुटक शिरोरेषा, उघडी पोटं, ओळ जराशी उतरती. लोक म्हणायचे, काय सुंदर लेटरिंग केलंय! लेटरिंग कसलं, कागद फाटू नये म्हणून केलेली ती तजवीज होती. पण हळूहळू आम्हालाच ते अक्षर आपलं वाटू लागलं. स्टेन्सिलवर दर ओळीला मेहनत पडते, म्हणून फालतू ओळ आपोआप गळते. दीडशे प्रतींनंतर ठसा फिकट होतो, म्हणून प्रती तेवढ्याच. लांबी, अक्षर, प्रतींची संख्या, सगळं त्या मेणकागदानं ठरवलं आणि आम्ही त्याच्याशी जुळवून घेतलं.

साठच्या दशकातल्या अनियतकालिकांची नावं एकदा मोठ्यानं म्हणून पाहा. 'असो'. 'फक्त'. 'आत्ता'. 'येरू'. 'वाचा'. 'भारूड'. त्याआधीच्या मासिकांच्या नावात सुगंध, प्रकाश, वसंत, दीप असं काहीतरी असे. इथे बोलताना तोंडातून सहज निसटणारे शब्द. दोन-तीन अक्षरं मुखपृष्ठावर हवी तेवढी मोठी करता येतात, एका ब्लॉकवर भागतं, दुसऱ्या रंगाचा खर्च वाचतो. नाव ठेवतानाच मुखपृष्ठाचं निम्मं काम झालेलं असे.

या सगळ्यांत मांडणीचा सर्वांत तयार हात अरुण कोलटकरांचा. जे. जे. मध्ये शिकलेले, जाहिरातीच्या धंद्यात कला-दिग्दर्शक म्हणून मान मिळवलेले. दिवसा साबण-पावडरीच्या जाहिरातींतून जी शिस्त शिकले ती त्यांनी रात्री कवितेसाठी वापरली. १९७६ मध्ये 'जेजुरी' निघालं ते क्लिअरिंग हाउस या कवींच्याच सहकारी प्रकाशनातून. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर, या चौघांनी आपली पुस्तकं आपणच काढायची ठरवली, आणि त्या पुस्तकांचं रूप कोलटकरांनी ठरवलं. मराठीत १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' आलं ते अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाकडून. 'असो'मागचे हेच शहाणे. अनियतकालिकात शिकलेली नजर त्यांनी पुस्तकांत आणली: कागद कोणता, आकार काय, कविता पानावर कुठून सुरू व्हावी. बाजाराची घाई नव्हती. 'भिजकी वही', 'चिरीमिरी' वाचकापर्यंत यायला २००३ उजाडलं. पुढच्या वर्षी कोलटकर गेले.

एका गोष्टीची मला खंत आहे. आपण ही परंपरा सांगताना लघुनियतकालिकांपाशीच थांबतो, आणि दिवाळी अंकांना, त्यातही हसऱ्या अंकांना, खालच्या पाटावर बसवतो. दीनानाथ दलाल हे गोव्याचे चित्रकार. त्यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' काढला आणि चित्रकारच संपादक झाला. चित्र हे मजकुराच्या पंगतीत बसलं पाहिजे, वाढपी म्हणून उभं राहता कामा नये, हे त्यांच्या अंकानं दाखवलं. आणि मधुकर पाटकरांचा 'आवाज', १९५१ पासून. घरातली वडीलधारी माणसं तो गादीखाली ठेवत. त्यातली खिडकी-चित्रं आठवतात ना? पानाला एक चौकोन कापलेला. त्यातून खालच्या पानावरच्या चित्राचा तुकडा दिसतो आणि मनात नको ती शंका येते. पान उलटलं की पूर्ण चित्र दिसतं आणि भलतंच साधं काही निघतं. लोकांनी त्याला चावटपणा म्हणून सोडून दिलं. मी जेव्हा स्वतः अंकांची मांडणी करू लागलो तेव्हा एकदा तसं एक पान करून पाहिलं. खिडकी कापायची तर वरच्या पानाची पुढची बाजू, मागची बाजू आणि खालचं पान, अशी तीन चित्रं एकाच वेळी डोक्यात ठेवावी लागतात. मागच्या बाजूलाही तेच भोक असतं, तिथल्या चित्रालाही ते पचवावं लागतं. कटिंग जरासं सरकलं की विनोद मेला. आम्ही पन्नास प्रतींसाठी चार रात्री घालवल्या. कागदाला दोन बाजू आहेत आणि पान उलटायला एक क्षण लागतो, या दोन साध्या गोष्टींतून 'आवाज'नं हजारो घरांना हसवलं. हे पडद्यावर होत नाही, तिथं पानाला मागची बाजूच नसते.

वसंत सरवट्यांचंही नाव घ्यायलाच हवं. शिक्षणानं स्थापत्य अभियंता, आणि वर्षानुवर्षं 'ललित'च्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ त्यांचं. जयवंत दळवींच्या 'ठणठणपाळ' या सदराला चेहरा दिला तो सरवट्यांनी. वाचकाला सदर आधी आठवतं की ते चित्र, हे आता सांगता येणार नाही, इतकं ते एकजीव झालं.

आता आजच्या टेबलाकडे येतो. खिळे गेले, ट्रेडल भंगारात गेलं. मला त्याचं रडगाणं गायचं नाही. मास्तर स्वतः डोळे जाईपर्यंत खिळ्यांच्या शिशाला वैतागले होते. संगणकानं एकट्या माणसाला अंक काढणं शक्य केलं. पण खिळ्यांबरोबर जुळारी गेला आणि जुळाऱ्याबरोबर मराठी अक्षराची एक राखण गेली. इंग्रजी जुळाऱ्याचं दोन केसांत भागे. मराठी जुळाऱ्याला चार केसा लागत आणि त्यांतली शेकडो घरं त्याच्या बोटांना पाठ असत. बापूराव नाईकांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांवर तीन खंड लिहिले, १९७१ साली ते निघाले. आज मांडणी करणाऱ्या किती जणांनी ते उघडले असतील? आता प्रोग्रामनं जे अक्षर दिलं ते आपण घेतो. अरुंद रकान्यात ओळ दोन्ही कडांना ताणून बसवतो आणि शब्दांमध्ये भोकं पडतात. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार उडी मारून भलत्याच अक्षरावर बसतो. 'दुसऱ्या'मधला तो आपला खास अर्धा र मोडून पडतो. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. मराठी 'ल' आणि 'श' कसे असावेत हे शासनाला ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं सांगावं लागलं, इतकी ती वळणं हातातून निसटत होती.

एका अंकासाठी मी एकदा चौदा कविता मांडून दिल्या. छापून आल्या तेव्हा प्रत्येक 'र्‍य'च्या जागी पोकळ चौकोन होता. छापखान्याचं नाव सांगत नाही. फाइल उघडणाऱ्या मुलाला तिथं काहीतरी असायला हवं होतं हेच माहीत नव्हतं. आम्ही तिघे बसून तीनशे प्रतींवर पेनानं तो र लिहीत गेलो. सकाळ झाली.

तरीही माणसं काम करताहेत. र. कृ. जोशींनी जन्मभर देवनागरी अक्षराचा ध्यास घेतला, संगणकावरचं 'मंगल' त्यांचंच. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं 'मुक्त' आणि 'बलू' ही अक्षरं कुणालाही फुकट वापरता येतील अशी दिली. मंगेश नारायणराव काळे हे कवीही आणि चित्रकारही. त्यांच्या 'खेळ' या नियतकालिकाचा अंक उघडला की ही दोन माणसं एकाच टेबलावर बसलेली दिसतात. नामदेव कोळींचा 'वाघूर' हा अंक येतो. अशी आणखी नावं तुम्हाला माहीत असतील.

या अंकांसाठी तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. वर्गणी भरा, हे तर झालंच. पण अंक हातात आला की मजकूर वाचण्याआधी एकदा तो नुसता पाहा. कागद बोटाला कसा लागतो, कडेला अंगठा ठेवायला जागा सोडली आहे का, कविता घडीत गिळली गेली आहे का, लेख कुठे संपवला आहे. मांडणाऱ्याचं नाव छापलं आहे का ते बघा, पुष्कळदा नसतं. आणि आवडलं तर संपादकाला तसं लिहा. कथा आवडल्याची पत्रं येतात. 'अकराव्या पानावर तुम्ही अर्धं पान कोरं सोडलंत, ते बरं केलंत,' असं एक कार्ड माझ्या सगळ्या कारकिर्दीत मला एकदाच आलं. ते मास्तरांचं होतं. तेव्हा त्यांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं.

व्याख्यान संपल्यावर आमचे सातही अंक त्या टेबलावर ठेवलेले असतील. पाचव्या अंकाचं तिसरं पान उघडा. कवितेखालचा तो कोरा कागद आता पिवळा पडला आहे आणि फार ठिसूळ झाला आहे. पान खालच्या कोपऱ्याला धरून उलटू नका. वरून, मधोमध, दोन्ही हातांनी उचला.